अर्धा टप्पा

माझे वडील एसटीत कंडक्टर होते. त्यामुळे आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये कुणी मोजत नसे. टप्प्यात मोजत. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं आणि टप्पा सहा किलोमीटरचा. आत्याचं गाव चार टप्पे, तालुका पाच, आजोळ नऊ. मावशीला सांगून आलेल्या एका स्थळाबद्दल अप्पांचा अभिप्राय एवढाच होता, ‘‘घर चांगलं आहे, पण चौदा टप्पे आहे.’’ ते लग्न जमलं नाही.

टप्प्याचा एक नियम लहानपणी मला अन्यायाचा वाटायचा. सहा किलोमीटर गेलात तरी एक टप्पा आणि दीड किलोमीटरवरच्या देवळापाशी उतरलात तरीही एकच टप्पा. उतारू हुज्जत घालत. अप्पा तिकिटांच्या ट्रेवर चिमटा वाजवत शांतपणे म्हणत, ‘‘गाडी थांबवायला लागते ना? मग झाला टप्पा.’’ अर्धा टप्पा नावाची गोष्ट त्यांच्या वेबिलात नव्हती.

पुढे मी शाळेत भूगोल शिकवला. पृथ्वीगोलावर दोरा ताणून दोन शहरांतलं कमीत कमी अंतर कसं काढायचं, बृहद्वृत्त म्हणजे काय, हे तीस वर्षं पोरांना दाखवलं. विमानप्रवासाचा वेळ काढायची एक ठोकळ रीतही सांगायचो. अंतराला ताशी आठशे किलोमीटरने भागा आणि उड्डाण व उतरणं यांसाठी वर अर्धा तास धरा. मुंबई-दिल्ली, मुंबई-लंडन, कुठलीही जोडी द्या, उत्तर साधारण बरोबर यायचं. ही रीत कुठे तोंडावर आपटते, ते मला निवृत्तीनंतर कळलं.

माझी मुलगी सई स्कॉटलंडमध्ये अबर्डीनला असते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाच्याही वर, समुद्रात, ऑर्कनी नावाचा द्वीपसमूह आहे. सत्तरेक बेटं, त्यांतल्या विसेक बेटांवर वस्ती, सगळी मिळून बावीस हजारांच्या आसपास माणसं. त्यातल्या वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन शेजारच्या बेटांना प्रत्येकी एक विमानतळ आहे. विमानतळ म्हणजे कुरणात आखलेली धावपट्टी आणि बाजूला एक खोली. दोन्ही जवळजवळ एकाच अक्षांशावर, 59 अंश 21 मिनिटं उत्तर. त्यांच्यामधलं अंतर 2.7 किलोमीटर. आणि 1967 पासून या दोन धावपट्ट्यांमध्ये वेळापत्रकाप्रमाणे प्रवासी विमान उडतं. वेळापत्रकात प्रवासाचा वेळ दोन मिनिटं. वारा पाठीशी असेल तर त्याहूनही कमी. स्टुअर्ट लिंकलेटर नावाच्या वैमानिकाने हे अंतर एकदा 53 सेकंदांत कापलं, तो विक्रम. नियमित प्रवासी उड्डाणांमध्ये याहून छोटं उड्डाण जगात नाही.

माझी ठोकळ रीत मी इथे लावून पाहिली. 2.7 भागिले 800, म्हणजे बारा सेकंद, अधिक अर्धा तास. भूगोलाच्या मास्तरने दिलेलं उत्तर तीस मिनिटं बारा सेकंद. विमान तोवर जाऊन, परत येऊन, पुन्हा गेलेलं असतं.

‘‘अप्पा असते तर काय म्हणाले असते?’’ सईने विचारलं.

‘‘अर्धा टप्पासुद्धा नाही, म्हणाले असते. आणि पूर्ण टप्प्याचं तिकीट फाडलं असतं.’’

तेव्हाच ठरलं, की जायचं.

अबर्डीनहून बोटीने सहा तासांनी आम्ही ऑर्कनीच्या कर्कवॉल या मुख्य गावी उतरलो. जूनचा महिना. रात्रीचे अकरा वाजून गेले होते आणि बंदरावरच्या पाट्या मला चष्म्याशिवाय वाचता येत होत्या. सकाळी विमानतळावर गेलो, तर बाहेर पांढऱ्याशिवाय काहीच नाही. म्हणजे धुकं. समुद्रावरून लोटत आलेलं, दाट, गार. खिडकीपलीकडे उभी असलेली गाडीही दिसत नव्हती. काउंटरवरच्या बाईंनी हसून सांगितलं, की आज काही खरं नाही. रांगेतल्या इतर माणसांनी एकमेकांकडे बघून खांदे उडवले आणि पिशव्या उचलून ती घरी निघाली. कुणी चिडलं नाही, कुणी वर बघून बोटं मोडली नाहीत.

मला एकदम आमची खाडी आठवली. माझी पहिली नेमणूक खाडीपलीकडच्या गावात होती. अलीकडच्या धक्क्यावरून शाळेचं कौलारू छप्पर दिसायचं. वारा इकडचा असला तर मधल्या सुट्टीची घंटासुद्धा ऐकू यायची. तरीवरून होडीने दहा मिनिटं. पण पावसाळ्यात उधाण असलं, की तांडेल होडी वर ओढून शांतपणे विडी ओढत बसायचा. ‘‘गुरुजी, आज तर बंद.’’ मग तीच शाळा रस्त्याने अर्ध्या दिवसावर जायची. दोनदा एसटी बदलायची, मधे घाट. छप्पर मात्र तिथेच, डोळ्यांसमोर. अंतराचा हा धडा पुस्तकात नव्हता. दोन गावांमध्ये किती आहे यापेक्षा काय आहे, ते आधी विचारावं लागतं.

वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे यांच्यामध्ये समुद्राची एक सामुद्रधुनी आहे. तिच्यातून एक छोटी प्रवासी बोटही चालते. मग विमान कशाला आणि पूल का नाही, असं कुणालाही वाटेल. त्याचं उत्तर या विमानसेवेच्या जन्मकथेतच सापडतं. ही सेवा चालवणारी लोगनएअर ही कंपनी 1962 साली निघाली, ती विली लोगन या बांधकाम व्यावसायिकाच्या कंपनीची हवाई टॅक्सी म्हणून. लोगनची कंपनी तेव्हा डंडी शहरापाशी टे नदीच्या रुंद मुखावर पूल बांधत होती. 1966 साली तो पूल वाहतुकीला खुला झाला. लांबी सव्वादोन किलोमीटर. त्याच वर्षाच्या सुरुवातीला लोगन एका विमान अपघातात गेला. विमान त्याच्या कंपनीचं नव्हतं. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाची विमानं ऑर्कनीच्या बेटाबेटांवर उतरू लागली.

म्हणजे पाण्याची रुंदी दोन्हीकडे साधारण एकाच मापाची. एके ठिकाणी पूल झाला, दुसरीकडे आठ उतारूंचं विमान आलं. फरक पाण्यात नव्हता. डंडीत दीडेक लाख माणसं राहतात, पापा वेस्ट्रेवर नव्वदच्या आसपास. नव्वद माणसांसाठी कुणी पूल बांधत नाही. पण नव्वद माणसांकडे कुणी जाऊच नये, असंही तिथल्या लोकांना आणि सरकारला वाटलं नाही. या दोन टोकांमध्ये जे बसतं, ते हे विमान.

दुसऱ्या दिवशी आभाळ स्वच्छ. धावपट्टीच्या कडेला ब्रिटन-नॉर्मन आयलँडर जातीचं विमान उभं होतं. नावच ‘बेटकरी’. 1965 साली हे विमान पहिल्यांदा उडालं, इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट या बेटावर. आखूड धावपट्टी, खडी, गवत, सगळं चालवून घेणारं. पंख माथ्यावर, त्यांखाली दोन पंख्यांची इंजिनं आणि चाकं कायम बाहेर. आत शिरायला मधली वाट नाही. मोटारीसारखी बाजूची दारं उघडून आपापल्या बाकावर बसायचं. आमच्याकडच्या वडाप जीपची मला आठवण आली, फक्त इथे टपावर कुणी नव्हतं. वैमानिकाच्या शेजारची जागा रिकामी राहिली, तेव्हा त्याने मागे वळून माझ्याकडे बोट केलं. माझ्या पांढऱ्या केसांचा मान असावा. पट्टा कसा बांधायचा, तेही त्याने तसंच मान वळवून सांगितलं, मोठ्याने, ड्रायव्हर सांगतो तसं.

कर्कवॉलहून वेस्ट्रेला पाव तासात पोचलो. दोघं उतरले. एका बाईंच्या हातात वाद्याची पेटी होती. या बेटांवरच्या शाळांना संगीताचे, चित्रकलेचे शिक्षक असे विमानाने फिरतीवर मिळतात. डॉक्टर, रुग्ण, पुरातत्त्वाची माणसं, सगळी याच विमानाने जातात. पूर्वी बँकेची कर्मचारीही पैशांची पेटी घेऊन बेटोबेटी उडायची आणि एका दिवसापुरती तिथे शाखा उघडायची.

आता मुख्य प्रसंग. विमान वेस्ट्रेच्या धावपट्टीच्या टोकाला गेलं आणि वळलं. समोरच्या काचेतून पापा वेस्ट्रे दिसत होतं. अगदी समोर. हिरवा लांबट पट्टा, दगडी भिंतींनी पाडलेले वाफे, गाईंचे ठिपके. मी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. इंजिनांचा आवाज चढला, आसन थरथरलं, खडी मागे पळाली आणि चाकं सुटली. खाली काळे खडक, मग निळा-हिरवा समुद्र, त्यावर पांढऱ्या रेघा. मी वैमानिकाच्या हातांकडे पाहत होतो. वर नेणारा हात खाली आणायच्या कामाला लागलासुद्धा. वर गेल्यावर माणूस जो एक श्वास सोडतो, अंग सैल करतो, त्याला या प्रवासात जागाच नाही. चढण आणि उतार यांच्यामध्ये सपाटी नावाचा भागच नव्हता. चाकं टेकली तेव्हा माझ्या घड्याळात एक मिनिट चौतीस सेकंद झाले होते.

ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्या विमानाला हे अंतर तसं चाळीस सेकंदांचं. बाकीचा सगळा वेळ निघण्याचा आणि पोचण्याचा. सिंगापूरहून न्यूयॉर्कला जाणारं विमान पंधरा हजारांहून जास्त किलोमीटर उडतं, अठरा तासांवर हवेत असतं. त्याचं अंतर याच्या साडेपाच हजार पट. तरी दोन्हीकडे पट्टा बांधावा लागतो, दार नीट लागलंय ना ते पाहावं लागतं, आणि उतरताना धावपट्टीवर आगीचा बंब तयार लागतो. पापा वेस्ट्रेच्या धावपट्टीशेजारी बंब होता. बंबापाशी आगवाल्याचा जाड कोट घालून उभ्या असलेल्या माणसाच्या पायांत शेतावरचे चिखलाने माखलेले बूट होते. विमान निघून गेल्यावर त्याने कोट काढला आणि तो ट्रॅक्टरवर बसून निघून गेला. निघण्या-पोचण्याचा खर्च अंतर पाहून कमी होत नाही. गाडी थांबवायला लागते ना, मग झाला टप्पा.

तिथली माणसं बेटाला लाडाने ‘पापे’ म्हणतात. प्राचीन नॉर्स भाषेतला हा शब्द पाद्र्यांवरून आला. बेटाच्या उत्तरेला मोकळं माळरान आहे, पक्ष्यांसाठी राखलेलं. तिथे जाताना दुकानातल्या मुलीने आम्हाला काठी डोक्याच्या वर धरून चालायला सांगितलं. का, ते शंभर पावलांतच कळलं. कुररी जातीचे पांढरे, काळ्या टोपीचे, लाल चोचीचे पक्षी किंचाळत थेट टाळूवर झेपावत होते. जमिनीवर त्यांची अंडी होती. हे आर्क्टिक कुररी. उन्हाळ्यात इथे, उत्तरेच्या टोकाला घरटी करतात आणि आपल्याकडे दिवाळी येईतो पार दक्षिण ध्रुवाकडे निघालेले असतात. ग्रीनलँड आणि आइसलँडमधल्या अशा पक्ष्यांच्या पायांना इवली यंत्रं बांधून शास्त्रज्ञांनी 2010 साली हिशेब मांडला, तेव्हा वर्षाचा प्रवास सरासरी 70,900 किलोमीटर भरला. जगातला सर्वांत लांब उडणारा पक्षी, जगातलं सर्वांत छोटं विमानउड्डाण जिथे उतरतं, त्याच बेटावर अंडी घालतो. माझ्या डोक्यावर टोच मारणाऱ्याला या योगायोगाचं काही वाटत नसावं.

थोडं पुढे, कड्यापाशी, दगड रचून केलेलं एक स्मारक आहे. तेही पक्ष्याचंच. ग्रेट ऑक नावाचा, दोन-अडीच फूट उंचीचा, काळा-पांढरा पक्षी. त्याला उडताच येत नसे. 1813 साली या बेटावर त्याच्या जातीतला इथला शेवटचा पक्षी मारला गेला. कुणा संग्राहकाला तो पेंढा भरून हवा होता. तो अजून लंडनच्या निसर्गसंग्रहालयाच्या ताब्यात आहे. 1844 साली आइसलँडजवळच्या एका खडकावर उरलेली जोडीही संपली. उडता न येणाऱ्याला बेट सोडून जाता येत नाही, हे त्या स्मारकापाशी उभं राहिल्यावर नीट कळतं. बेटावरच्या माणसांना ते जास्त आधीपासून कळत असावं.

संध्याकाळी पश्चिमेच्या किनाऱ्यावर ‘नॅप ऑफ हॉवर’ पाहिलं. गवताखाली अर्धी बुडालेली दोन दगडी घरं, शेजारी शेजारी. इसवी सनापूर्वी 3700 च्या सुमाराची. इजिप्तच्या पिरॅमिडांहून शेकडो वर्षांनी जुनी. वायव्य युरोपात अजून उभी असलेली याहून जुनी घरं नाहीत. छप्पर गेलंय, भिंती शाबूत आहेत. भिंतीत दगडी फळ्या बसवून केलेले कोनाडे आहेत, चूल आहे, धान्य दळायचा पाटा आहे. दोन्ही घरांना जोडणारी एक बुटकी बोळ आहे. मी वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून तिच्यातून गेलो. चार पावलं. पलीकडच्या घरात कंबर सरळ केली आणि समोरच्या दारातून पाणी दिसलं. पाण्यापलीकडे वेस्ट्रे.

या घरांत माणसं राहत होती, तेव्हा ही दोन बेटं बहुधा एकच होती, असं पुरातत्त्वज्ञ मानतात. मधलं पाणी नंतर आलं. म्हणजे जे अंतर मी सकाळी विमानाने, पट्टा बांधून, बंबाच्या साक्षीने ओलांडलं, ते या घरातली बाई कदाचित टोपली डोक्यावर घेऊन चालत जात असेल. अंतर तेवढंच होतं. अक्षांश तोच होता. माझ्या दोऱ्याने मोजलं असतं, तर दोन्ही वेळा तीच लांबी भरली असती.

बेटावर एकच दुकान आहे, आणि ते गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेचं आहे. वसतिगृहही संस्थेचंच, आम्ही तिथेच मुक्काम केला. दुकानात बटाट्यांपासून पोस्टाच्या पाकिटांपर्यंत सगळं. आमच्याकडच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या दुकानाचा वास मला तिथे आला, हे मी सईला सांगितलं तर ती हसली. पण दुकानातल्या बाईंशी बोलताना मला ते आणखी पटलं. मी विचारलं, दोन मिनिटांच्या विमानाचा खरंच उपयोग होतो का, की पर्यटकांची हौस आहे? त्या म्हणाल्या, हौस असेल तर बरंच आहे, तिकिटं खपतात. पण इथल्या माणसाला दाढ दुखली तर दिवसाच्या दिवसात दाखवून घरी येता येतं, हा हिशेब वेगळा. घरी येता येतं, म्हणून माणसं राहतात.

नव्वद माणसांच्या तिकिटांतून असं विमान उडू शकत नाही. त्याला सरकारी पैशाचा टेकू आहे. बेटांवरची सेवा चालू ठेवणं हे तिथे कर्तव्य मानलेलं आहे. हिशेबाच्या वहीत ती सेवा तोट्याचीच दिसणार. अप्पांच्या वहीतही एक फेरी कायम तोट्याची दिसायची. रात्रीची मुक्कामाची गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघायची, घाट उतरायची आणि रात्री रस्ता संपतो तिथल्या गावात थांबायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे आणि पहाटे तीच गाडी उलट फिरायची. शेवटच्या दोन टप्प्यांत गाडीत कधी चार माणसं, कधी एक. पहाटे मात्र त्याच गाडीत दूधवाला, परीक्षेला निघालेला पोरगा, दवाखान्यात न्यायची म्हातारी. मी अप्पांना एकदा विचारलं होतं, एका माणसासाठी गाडी कशाला नेता? त्यांनी वेबिल भरता भरता सांगितलं, ‘‘एका माणसासाठी नाय नेत. पाटीवर गावाचं नाव लिहिलंय, म्हणून नेतो.’’

परतीच्या सकाळी विमान वेळेवर आलं. ट्रॅक्टरवाल्याने पुन्हा कोट चढवला. वेस्ट्रेपर्यंत या वेळी माझ्या घड्याळात दोन मिनिटं सहा सेकंद झाले, वारा समोरून होता. आदल्या दिवशी पापेला उतरल्यावर मिळालेलं प्रमाणपत्र सईच्या पिशवीत होतं. त्यावर माझं नाव होतं आणि मी जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास केल्याचं लिहिलं होतं. अप्पांच्या जुन्या चिमट्याशेजारी ते आता भिंतीवर आहे.

भारतात परतलो आणि पंधरवड्याने गावी गेलो. तालुक्याहून संध्याकाळची मुक्कामाची गाडी धरली. घाटात पाऊस होता. शेवटच्या टप्प्याला गाडीत मी एकटाच उतारू उरलो होतो आणि देऊळ जेमतेम दोन किलोमीटरवर होतं. कंडक्टर माझ्या मुलीपेक्षाही लहान वाटत होती. उतारू एकच, तोही दारापाशी येऊन उभा राहिलेला. तरी तिने दोरी ओढून नियमाप्रमाणे एक घंटा दिली आणि ड्रायव्हरने गाडी थांबवली.